व्हीएस कोडचे रंग परत परत बिघडतात? आधी रंग देतंय कोण ते बघा

व्हीएस कोड म्हणजे मी कोड लिहायला वापरते तो एडिटर, आणि त्यातला माझा त्रास नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. मी दिवसा घरच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून काम करते, तिथे उजेड भरपूर म्हणून लाइट थीम, सोलराइज्ड लाइट, आणि तिच्यातल्या कमेंट (कोडमध्ये माणसासाठी लिहिलेल्या टिपा) फारच फिकट वाटायच्या म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन कमेंटचा रंग गडद करून ठेवलेला. दिवसभर सगळं मस्त. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून परत येऊन बसले की स्क्रीन काळी झालेली, आणि मी निवडलेला कमेंटचा रंग गेलेला. सेटिंग्जची फाइल उघडली तर ओळ जिथल्या तिथे, मग रंग कुठे गेला? सकाळी मॅक उघडला की परत सगळं जाग्यावर.

स्क्रीन काळी होते ते एवढं खटकत नव्हतं, रात्री डार्कच बरं. खटकत होतं ते हे की हाताने घातलेली गोष्ट रोज नाहीशी होते. आणि वेळही एक नाही, नोव्हेंबरात सहाच्या सुमारास व्हायचं, मे महिन्यात सात वाजायला लागले. त्यामुळे मला वाटत राहिलं की कुठलं तरी एक्स्टेन्शन (एडिटरला वरून जोडलेली भर) अपडेट होतंय आणि माझं सेटिंग उडवतंय. दोनदा सगळी एक्स्टेन्शन काढून परत घातली, काही फरक नाही. ज्यांना असं काही होतंय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण रंग बिघडण्याची कारणं बरीच आहेत, प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, आणि कारण न बघता थीमच बदलत बसलं तर आठवड्याने परत तेच. (कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिलीत, शोधताना इंग्रजीत टाइप करा.)

आधी माझंच सांगते. मॅकमध्ये अपिअरन्सला तीन पर्याय असतात, लाइट, डार्क आणि ऑटो. माझ्याकडे ऑटो होतं. ऑटो म्हणजे सूर्य मावळला की डार्क, उगवला की लाइट, आणि गोव्यात सूर्यास्त नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास तर जुलैत सव्वासातच्या जवळ, म्हणून ती वेळ हळूहळू सरकत होती. वर मॅक तुम्ही काम करत असताना लगेच बदलत नाही, मिनिटभर तरी कुणी हात लावला नाही की मग बदलतो, म्हणून ते नेमकं मी दिव्याला उठले की व्हायचं. आणि व्हीएस कोडमध्ये 'विंडो: ऑटो डिटेक्ट कलर स्कीम' नावाचं सेटिंग आहे, ते मी कधीतरी चालू करून ठेवलेलं. ते चालू असलं की नेहमीचं 'कलर थीम' सेटिंग बाजूला पडतं, आणि एडिटर 'प्रेफर्ड डार्क' आणि 'प्रेफर्ड लाइट' या दोन सेटिंगमधून एक उचलतो. थीम कोण बदलतंय याचं उत्तर मिळालं.

मग रंग का जात होता? कारण मी तो रंग चौकटी कंसात थीमचं नाव घालून दिलेला. सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये 'एडिटर: टोकन कलर कस्टमायझेशन्स' खाली असं करता येतं, कंसात 'सोलराइज्ड लाइट' लिहायचं आणि त्याच्या आत कमेंटचा रंग. याचा अर्थ तो रंग फक्त त्या थीमपुरता. थीम डार्क झाली की ती ओळ फाइलमध्ये असते पण लागू नसते. मी काय केलं, तो कंसच काढून टाकला, म्हणजे रंग सगळ्या थीमला लागू. संध्याकाळी बघते तर पांढऱ्या कागदासाठी निवडलेला गडद रंग काळ्या पाटीवर, कमेंट आहे की नाही तेच कळेना. तर कंस काढू नका, दोन कंस करा, एक लाइटचा एक डार्कचा, आणि दोघांत आपापला रंग. एकच रंग दोन-चार सारख्या थीमना द्यायचा असेल तर कंसातल्या नावात तारका चालते, सुरुवातीचं नाव आणि पुढे तारका, की त्या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या थीम त्यात आल्या. पण डार्क-लाइटच्या जोडीला ही युक्ती वापरू नका, दोघांना एक रंग कधीच पुरत नाही.

का पुरत नाही ते आकड्यात बघा. वेबवरच्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी म्हणून जे नियम आहेत त्यात साध्या आकाराच्या अक्षराला पार्श्वभूमीशी कमीत कमी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट धरलाय. मी मोजलं तर सोलराइज्ड डार्कमध्ये कमेंटचा येतो साधारण २.८, आणि लाइटमध्ये २.५. त्या रंगसंगतीत कमेंट मुद्दामच मागे ठेवलेली आहे, कोड पुढे दिसावा म्हणून, आणि ज्यांना कमेंट वाचायची नसते त्यांना ते आवडतंही. व्हीएस कोडची जुनी डार्क प्लस थीम घेतली तर तिथली हिरवी कमेंट ५ च्या आसपास आहे. मला कमेंट वाचायची असते, त्यात आमच्याकडे पावसात लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, बॅटरी वाचवायला स्क्रीन मंद होते, आणि २.८ वाला करडा रंग अशा वेळी शोधावा लागतो. रंग निवडताना तो मंद केलेल्या स्क्रीनवर एकदा बघून घ्या, भर उजेडात तर सगळेच रंग बरे वाटतात.

आता दुसरी गोष्ट, जी फक्त आपल्यासारख्या देवनागरीत लिहिणाऱ्यांना छळते आणि जिच्यावर मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

आमच्याकडे शिकायला येणारा वाळपईचा एक मुलगा आहे. आम्ही दोघं मिळून मांडवीवरच्या फेरीबोटींची माहिती मराठीत दाखवणारं एक छोटं पान करतोय, पणजी-बेती, चोडण-रायबंदर वगैरे. त्यातली सगळी वाक्यं अर्थातच मराठी, 'दुसऱ्या फेरीची वेळ', 'जोराच्या वाऱ्यामुळे फेरी बंद', 'धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या आहेत'. तो दर दोन दिवसांनी म्हणायचा, "ताई, परत पिवळे चौकोन आले." त्याच्या स्क्रीनवर काही मराठी शब्दांत मध्येच पिवळसर चौकट यायची, जसं काही तिथे चूक आहे. थीम बदलली तरी चौकट तिथेच. सगळ्या शब्दांना नाही, 'फेरी'ला नाही, 'धक्क्याच्या'ला नाही, पण 'वाऱ्यामुळे'ला आहे, 'पायऱ्या'ला आहे. आणि तोच शब्द रीडमी फाइलमध्ये (प्रोजेक्टची माहिती लिहायची मार्कडाउन फाइल) टाकला तर चौकट गायब!

एक दिवस तो खूश होऊन म्हणाला की झालं, चौकटी गेल्या. मी पान उघडलं तर वर लिहिलेलं, 'जोराच्या वार्यामुळे फेरी बंद', आणि खाली 'पायर्या'. त्याने चौकटीतलं ते न दिसणारं अक्षर डिलीट केलेलं. त्याचं काय चुकलं, एडिटरच बोट दाखवत होता की इथे काहीतरी संशयास्पद आहे.

घडतं ते असं. आपला अर्धा 'र', म्हणजे वाऱ्यामधला तो आडवा, पापणीसारखा, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नेहमीचा 'र', त्याला हलन्त, मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य अक्षर (यू अधिक २००डी हा त्याचा नंबर), आणि मग 'य'. दोन, नुक्तावाला 'ऱ', त्याला हलन्त, आणि 'य', यात अदृश्य काही लागत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यातला जॉइनर काढला की साध्या 'र'चा रफार होतो आणि 'य'च्या डोक्यावर जाऊन बसतो, म्हणून वार्यामुळे. बरेच मराठी कीबोर्ड पहिल्या प्रकारे टाइप करतात, तुम्हाला कळतही नाही.

आणि एडिटर त्यावर चौकट टाकतो त्याला कारण आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केंब्रिजच्या दोन संशोधकांनी 'ट्रोजन सोर्स' म्हणून एक हल्ला दाखवून दिला, की कोडमध्ये न दिसणारी, मजकुराची दिशा उलटवणारी अक्षरं घातली तर वाचणाऱ्याला एक कोड दिसतो आणि कंपायलर (कोडचा प्रोग्राम बनवणारा) दुसराच वाचतो. त्यानंतर व्हीएस कोडमध्ये 'युनिकोड हायलाइट' आलं, अदृश्य अक्षरं आणि एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं चौकटीत दाखवायची. चांगलीच सोय आहे, पण आपला जॉइनर बिचारा त्याच यादीत सापडला. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडातल्या अवतरणातल्या मजकुरात, ते चालू असतं, मार्कडाउन फाइलमध्ये मुळातच बंद ठेवलेलं असतं, म्हणून रीडमीत चौकट नव्हती.

उपाय, अख्खं युनिकोड हायलाइट बंद करू नका, प्लीज. माउस त्या चौकटीवर न्या, उघडणाऱ्या छोट्या खिडकीत 'अ‍ॅडजस्ट सेटिंग्ज'वर क्लिक करा, तिथे 'हे अक्षर हायलाइटमधून वगळा' अशा अर्थाचा पर्याय येतो, तो घ्या. म्हणजे फक्त २००डी ला सूट, बाकी पहारा चालू. ही सूट 'युनिकोड हायलाइट: अलाउड कॅरेक्टर्स' या सेटिंगमध्ये लिहिली जाते, ती आम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरातल्या सेटिंग्जमध्ये टाकून गिटमध्ये (सगळ्यांचा कोड आणि त्यातले बदल जपणारी व्यवस्था) कमिट केली, आता जो कुणी ते प्रोजेक्ट उघडेल त्याला ती मिळते.

पण त्याहून बरं हे की आमच्या सगळ्या फाइलींत एकच 'ऱ' ठेवायचा ठरवला, नुक्तावाला. इनस्क्रिप्टवर तो शिफ्ट दाबून जे, ज्या बटणावर 'र' आहे तेच. याचा फायदा फक्त चौकटीपुरता नाही. 'पायऱ्या' शोधलं तर एका प्रकाराने लिहिलेले सापडतात, दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले सापडत नाहीत, कारण कंप्युटरला ते दोन वेगळे शब्द. फेरी बंदची सूचना आम्ही तीन ठिकाणी लिहिलेली, शोधून बदलली तर दोनच बदलल्या, तिसरी जॉइनरवाली राहून गेली आणि पानावर जुनं वाक्य तसंच. रंगाच्या तक्रारीतून ही खरी चूक सापडली, त्यामुळे त्या पिवळ्या चौकटीचे मी आभारच मानते.

अजून एक, दुसऱ्याचं प्रोजेक्ट उतरवून घेतलं आणि उघडताना 'या फोल्डरवर विश्वास आहे का' याला नाही म्हटलं, तर तो रिस्ट्रिक्टेड मोड होतो, आणि त्यात कमेंटसकट सगळी देवनागरी चौकटीत येते, एकूण एक अक्षर. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. कोड बघून खात्री झाली की ट्रस्ट द्या, चौकटी जातात. मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच की या चौकटी बघून मुलांना "मराठीत कमेंट लिहू नको, इंग्लिशमध्ये लिही" असं सांगू नका. मी हे ऐकलंय, आणि ज्या मुलाला फेरीचं वेळापत्रक मराठीत नीट समजावता येतं त्याला तोडक्या इंग्रजीत कमेंट लिहायला लावणं म्हणजे कमेंटच न लिहिणं.

तिसरं, रंग दोन टप्प्यांत बदलतो. फाइल उघडली, रंग आले, आणि दोन-तीन सेकंदांनी काही शब्दांचे रंग आपोआप बदलले. किंवा तुम्ही टोकन कलर कस्टमायझेशन्समध्ये नियम लिहिलाय, स्पेलिंग बरोबर आहे, तरी रंग ढिम्म हलत नाही. या दोन्हीचं मूळ एकच असू शकतं. पहिला रंग येतो तो टेक्स्टमेट ग्रामरमधून, टेक्स्टमेट म्हणजे २००४ साली आलेला मॅकवरचा एक एडिटर, त्याची पद्धत पुढे बऱ्याच एडिटरांनी घेतली. हे ग्रामर म्हणजे नमुने, मजकूर बघून ओळखायचं की हा कीवर्ड दिसतोय, ही स्ट्रिंग दिसतेय. अर्थ कळत नाही, आकार कळतो. २०२० मध्ये व्हीएस कोडमध्ये त्याच्यावर दुसरा थर आला, सिमॅंटिक हायलाइटिंग. यात भाषेचा सर्व्हर (ती प्रोग्रामिंगची भाषा समजणारा वेगळा प्रोग्राम) खरंच कोड समजून घेतो आणि सांगतो की हा शब्द पॅरामीटर आहे, हा क्लास आहे. त्याला वेळ लागतो म्हणून रंग उशिरा बदलतो, आणि त्याचं म्हणणं आलं की ते वरचढ ठरतं. तुमचा नियम खालच्या थराला, रंग देतोय वरचा थर.

हे अंदाजाने शोधू नका. कंट्रोल शिफ्ट पी दाबा (मॅकवर कमांड शिफ्ट पी), 'इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' टाइप करा, एंटर. आता कर्सर ज्या शब्दावर न्याल त्याची एक छोटी खिडकी उघडते. मी आत्ता फेरीच्या फाइलमध्ये एका पॅरामीटरवर ठेवून बघतेय. वर शब्द, खाली भाषा, मग सिमॅंटिक टोकन टाइप, तिथे 'पॅरामीटर' लिहिलंय, मग फोरग्राउंड म्हणजे आत्ता दिसतोय तो रंग आणि तो कुठल्या नियमाने आला ते, आणि सगळ्यात खाली टेक्स्टमेट स्कोप, एकाखाली एक, सगळ्यात नेमका सगळ्यात वर. 'सिमॅंटिक टोकन टाइप' ही ओळ असेल आणि फोरग्राउंडखालचा नियम सिमॅंटिक असेल तर तुमचा रंग 'सिमॅंटिक टोकन कलर कस्टमायझेशन्स' या वेगळ्या सेटिंगमध्ये लिहायचा. ती ओळच नसेल तर टेक्स्टमेटचा स्कोप उचला आणि जुन्या ठिकाणी लिहा. रंगाचा कुठलाही प्रश्न असो, मी आता हीच खिडकी पहिली उघडते, थीमची यादी नंतर. माझा संध्याकाळचा प्रश्न यात सहा महिने आधी सुटला असता, कारण डार्कमध्ये कमेंटवर ठेवलं की सरळ दिसतं की रंग थीमच्या स्वतःच्या नियमाने येतोय, माझा नियम तिथे नाहीच.

आता बाकीची पटापट.

एकाच प्रोजेक्टमध्ये रंग वेगळे आणि बाकी सगळीकडे नीट, तर त्या फोल्डरात व्हीएस कोडचं आपलं लपलेलं फोल्डर असतं त्यातली सेटिंग्जची फाइल बघा. वर्कस्पेसचं सेटिंग युजरच्या सेटिंगवर चढतं. सेटिंग्जच्या खिडकीत 'युजर' आणि 'वर्कस्पेस' असे दोन टॅब आहेत, दोन्हीत बघा. कुणीतरी आपल्या आवडीची थीम गिटमध्ये घालून ठेवली की दर पुलला (ताजा कोड उतरवून घेताना) सगळ्यांचे रंग बदलतात. थीम ही ज्याची त्याची डोळ्यांची गोष्ट, ती प्रोजेक्टमध्ये घालू नये असं माझं ठाम मत आहे.

घरी बदललं की ऑफिसात बदलतं आणि उलट, तर ते सेटिंग्ज सिंक, तुमची सेटिंग्ज सगळ्या मशीनवर सारखी ठेवणारी सोय. त्या सेटिंगच्या बाजूच्या गिअरवर क्लिक करून 'सिंक धिस सेटिंग'ची खूण काढा, तेवढं एक त्या त्या मशीनवर राहील.

काहीही न करता एक दिवस एडिटर वेगळा दिसायला लागला, तर थीम तुम्ही कधी निवडलीच नव्हती असं असू शकतं. २०२३ मध्ये डार्क प्लसच्या जागी डार्क मॉडर्न ही ठरलेली थीम झाली. जुनी हवी तर ती यादीत अजून आहे, एकदा हाताने निवडा. आणि थीमच्या एक्स्टेन्शनने अपडेटमध्ये थीमचं नाव बदललं तर तुमच्या चौकटी कंसातलं नाव जुळत नाही, तेही बघा.

सगळं काळं आणि रेघा उठून दिसायला लागल्या, फक्त एडिटर नाही, अख्खं विंडोज, तर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबले गेलेत, ते हाय कॉन्ट्रास्टचं बटण आहे. परत तेच दाबा.

फाइलमध्ये रंगच नाही, सगळं एका रंगात, तर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बघा, 'प्लेन टेक्स्ट' असेल तर तिथेच क्लिक करून भाषा निवडा. भाषा बरोबर असेल आणि एकच ओळ बिनरंगाची असेल तर ती २०,००० अक्षरांपेक्षा लांब असेल, त्यापुढे एडिटर रंगवतच नाही. आमचं वेळापत्रक एका ओळीत जेसन म्हणून आलेलं तेव्हा हे झालं, फॉरमॅट केलं आणि रंग आले.

टर्मिनलमधले (कमांड टाइप करायच्या खिडकीतले) रंग थीमच्या रंगांशी जुळत नसतील तर तिथे 'मिनिमम कॉन्ट्रास्ट रेशो' आहे, मुळात ४.५ ठेवलेला, तो फिकट रंग स्वतःहून उजळ किंवा गडद करतो. मी तो तसाच ठेवलाय.

आणि खरंच एखाद्या एक्स्टेन्शनचा संशय असेल तर माझ्यासारखी सगळी काढून परत घालू नका. कमांड पॅलेटमध्ये (कंट्रोल शिफ्ट पीने उघडते ती) 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' आहे, ते अर्धी बंद करतं आणि विचारतं, त्रास आहे का अजून? मग उरलेल्यातली अर्धी. ३२ एक्स्टेन्शन असली तरी पाचेक वेळा विचारून ते एकापाशी येतं.

माझ्या मॅकवर ऑटो अजून चालूच आहे. दोन कंस, लाइटच्या कमेंटला गडद निळसर रंग, डार्कच्या कमेंटला उजळ करडा, दोन्ही ४.५ च्या वर मोजून घेतलेले. आणि त्या मुलाने फेरीच्या फाइली 'र, हलन्त, जॉइनर' शोधून सगळ्या 'ऱ'वर आणल्या, पान परत 'वाऱ्यामुळे' म्हणतंय.